जुनी मोटार, नवा धनी

जुनें घर विकत घेणारा मनुष्य पहिल्याच दिवशीं भिंतींना कोणता रंग द्यावा याचे बेत करूं लागतो. अनुभवी शेजारी मात्र त्यास एकच प्रश्न विचारतो, 'छप्पर पावसाळ्यांत गळतें किंवा कसें, हें पाहिलेंत का?' रंग डोळ्यांना दिसतो, गळती दिसत नाहीं. आणि मनुष्याचें मन जें दिसतें त्याकडे आधीं धांवतें. जुन्या यंत्रांविषयींहि हीच गोष्ट खरी आहे, आणि ती आम्हांस आमच्याच एका माजी विद्यार्थ्याच्या पत्रांवरून चांगली कळून आली.

हा विद्यार्थी आज इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहरीं नोकरीस आहे. शाळेंत असतां प्रयोगशाळेंतील मोडकीं उपकरणें दुरुस्त करण्याची त्यास फार हौस. तीन वर्षांपूर्वीं त्यानें तिकडे एक जुनी, दोन आसनांची, कापडी टपाची स्पोर्ट्‌स मोटार विकत घेतली आणि तिचें छायाचित्र आम्हांस पाठविलें. सोबत एक यादी होती. इंजिनांत जोरानें हवा कोंबणारा सुपरचार्जर, रुंद चाकें, मोठा आवाज करणारी धुराची नळी, शर्यतीच्या मोटारीचें लहानसें सुकाणूचक्र, असें तींत बरेंच कांहीं होतें. 'सर, यांतील पहिल्यानें काय करूं?' हा त्याचा प्रश्न. आम्ही पदार्थविज्ञान शिकवितों. मोटारीचे मिस्त्री नव्हों. म्हणून 'विचार करून कळवितों' एवढेंच आम्हीं लिहिलें. उत्तर पाठविण्यास आम्हांकडून उशीर झाला, आणि मध्यंतरीं जो प्रसंग घडला त्यानें आम्हां दोघांसहि धडा शिकविला. तोच येथें आमच्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या वडील माणसांसाठीं मांडीत आहों.

मोटारीचें कुळ

ही मोटार एम्. जी. बी. या नांवाची, १९६६ सालची आहे. एम्. जी. हीं अक्षरें आपल्या रस्त्यांवरहि २०१९ पासून दिसूं लागलीं आहेत. त्या नव्या मोटारी गुजराथेंत हालोल येथें तयार होतात. परंतु अक्षरांचा उगम पुष्कळ जुना आहे. इंग्लंडांतील ऑक्सफर्ड शहरीं विल्यम मॉरिस यांचें 'मॉरिस गॅरेजेस' म्हणून दुकान होतें. १९२२ सालीं त्याची व्यवस्था सेसिल किंबर यांच्याकडे आली. साध्या मॉरिस मोटारीवर निराळा, हलका व डौलदार सांगाडा चढवून त्यांनीं ती विकण्यास आरंभ केला. म्हणजे एम्. जी. चा जन्मच मुळीं जुन्या यंत्रांत फेरफार करण्यांतून झाला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९२९ सालीं कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गांवीं गेला, आणि तेथेंच १९६२ पासून १९८० पर्यंत एम्. जी. बी. तयार होत होती. या अठरा वर्षांत पांच लक्षांहून अधिक मोटारी बाहेर पडल्या व त्यांतील पुष्कळशा अमेरिकेस गेल्या.

हिचें इंजिन चार सिलिंडरांचें व १७९८ घनसेंटिमीटरांचें. कारखान्यानें त्याची शक्ति ९५ अश्वशक्ति सांगितली होती. मोटारीचें वजन सुमारें ९२० किलोग्रॅम, व वेग तासीं शंभर मैलांच्या आसपास. आजच्या मोटारींच्या मानानें हे आंकडे थक्क करणारे नाहींत. पण रस्त्यापासून हातभर उंचीवर, डोकीवर आकाश व समोर लांब नाक अशा स्थितींत बसलेल्या मनुष्यास तासीं चाळीस मैल म्हणजे वाऱ्यावर स्वार झाल्यासारखें वाटतें, असें आमचा विद्यार्थी लिहितो. शिवाय हिचा प्रत्येक भाग आजहि मिळतो. १९८८ सालापासून तर जुन्याच सांच्यांवर काढलेला संपूर्ण नवा सांगाडासुद्धां विकत मिळूं लागला. अशा मोटारीच्या धन्यास करतां येणार नाहीं असें कांहींच नसतें, आणि मोहाचें मूळ नेमकें तेथेंच आहे.

खिंडींतील प्रसंग

डर्बीशायर परगण्यांत कॅसलटन गांवाजवळ विनॅट्स नांवाची एक खिंड आहे. दोहों बाजूंस चुनखडकाचे उंच कडे, आणि मधून खालीं जाणारा अरुंद रस्ता. उतार जागोजागीं पांच फुटांस एक फूट इतका तीव्र. एका रविवारीं हा आमचा विद्यार्थी आपल्या आठ वर्षांच्या मुलीस शेजारीं बसवून वरच्या बाजूनें ही खिंड उतरूं लागला. मोटार विकणाऱ्यानें ब्रेकच्या चकत्या व पॅड नवे बसविल्याचें सांगितलें होतें आणि तें खरेंहि होतें. त्या भरंवशावर तो वरच्याच गिअरमध्यें, ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरत होता. अर्धा उतार संपतो तों पायाखालील पट्टी मऊ लागूं लागली. पुन्हां दाबतांच ती थेट तळाला जाऊन टेकली, आणि मोटारीचा वेग कांहीं कमी होईना.

सुदैवानें त्यानें धीर सोडला नाहीं. दुसरा गिअर घातला, हँडब्रेक हळूहळू ओढला, आणि मोटार कडेच्या गवताच्या उंचवट्यावर घांसत नेली. ती थांबली. मुलीस खरचटलेंसुद्धां नाहीं. परंतु खालच्या वळणावर माणसें पायीं चालत होतीं, हें त्यानें पत्रांत लिहिलें आहे, आणि तें वाक्य आम्ही विसरूं शकलों नाहीं.

खरें आश्चर्य पुढेंच आहे. अर्ध्या तासानें त्यानें ब्रेक दाबून पाहिला, तों तो पूर्वींसारखा घट्ट! दुसऱ्या दिवशीं एका कारखान्यांत दाखविलें. चकत्या नव्या, पॅड नवे, तेलाची गळती कोठेंहि नाहीं. 'यांत कांहीं दोष नाहीं,' असा निकाल मिळाला. तेव्हां त्यानें आम्हांस लिहिलें, 'सर, ब्रेक आपण होऊन बिघडला व आपण होऊन बरा झाला. असें कसें होईल?'

कारण

वाचकहो, या प्रश्नाचें उत्तर आमच्या शाळेच्या पाठ्यपुस्तकांतच आहे; मात्र तें दोन निरनिराळ्या धड्यांत आहे. पास्कलचा नियम सांगतो कीं, बंद भांड्यांतील द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो. पायानें पट्टी दाबली कीं मुख्य सिलिंडरांतील दट्ट्या ब्रेकच्या तेलावर दाब देतो. तो बारीक नळ्यांतून चाकापर्यंत जातो आणि तेथील दट्टे पॅडना चकतीवर आवळतात. हें घडतें तें द्रव जवळजवळ दबत नाहीं म्हणूनच. वायु मात्र दबतो. नळींत तेलाऐवजीं वाफ शिरली तर पायाचा सारा जोर ती वाफ दाबण्यांतच खर्च होतो, आणि चाकास कांहींच कळत नाहीं.

मग नळींत वाफ आली कोठून? ब्रेकचें नेहमींचें तेल हवेंतील पाणी शोषून घेतें. हल्लीं सर्वत्र वापरलें जाणारें 'डॉट ४' जातीचें तेल ताजें असतां निदान २३० अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये, असा दंडक आहे. परंतु त्यांत शेंकडा साडेतीन-चार भाग पाणी मुरलें कीं ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. याहून अधिक पाणी मुरल्यास ती आणखी खालीं जाते. तेल रबरी नळ्यांतून, झांकणाच्या छिद्रांतून, वर्षानुवर्षें पाणी घेतच असतें. म्हणून दर दोन वर्षांनीं तें संपूर्ण बदलावें असा सर्वमान्य प्रघात आहे. त्या विकणाऱ्यानें चकत्या बदलल्या, पॅड बदलले. तेल मात्र कोणीं किती वर्षांत बदललें नव्हतें, हें कोणासच ठाऊक नव्हतें.

आतां उष्णतेचा हिशेब पाहूं. मोटार व माणसें मिळून १००० किलोग्रॅम वजन धरूं. ती १०० मीटर खालीं उतरली, तर स्थितिशक्ति कमी झाली सुमारें ९ लक्ष ८० हजार ज्यूल. वेग वाढूं द्यावयाचा नसेल, आणि इंजिनाची मदत घ्यावयाची नसेल, तर ही बहुतेक सर्व शक्ति ब्रेकमध्यें उष्णतेच्या रूपानें प्रगट होते. एवढ्या उष्णतेनें खोलींतल्या हवेइतकें गार असें तीन लिटर पाणी उकळूं लागेल. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. चहाच्या मोठ्या किटलीखालची ही आंच चार चाकांच्या लोखंडांत, कांहीं मिनिटांत, भरली गेली. चकतीची उष्णता दट्ट्यांत गेली, दट्ट्यांतून तेलांत, आणि पाणी मुरलेलें तें तेल उकळलें. अर्ध्या तासानें सारें थंड झालें, वाफेचें पुन्हां पाणी झालें, आणि ब्रेक 'बरा' झाला. कारखान्यांतील थंड मोटारींत दोष दिसावा कसा?

मोटार शेवटीं थांबली तिचें कारणहि येथें सांगितलें पाहिजे. हँडब्रेक तेलावर चालत नाहीं. तो तारेनें मागील चाकांच्या ड्रमना ओढतो. त्या तारेस पास्कलचा नियम लागू नाहीं, म्हणूनच ती कामास आली. आणि दुसऱ्या गिअरनें इंजिनासच ब्रेकचें काम दिलें. आपल्या घाटांतील जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत कीं, ज्या गिअरनें चढाल त्याच गिअरनें उतरा. तो केवळ रिवाज नसून पदार्थविज्ञान आहे.

येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. हा विद्यार्थी आमच्याच हाताखालीं शिकला. पास्कलचा नियम व उत्कलनबिंदु हे दोन्ही धडे त्यास उत्तम येत होते व दोहोंतहि त्यास चांगले गुण मिळाले होते. परंतु ते दोन धडे एकाच नळींत एकत्र येतात हें आम्हीं त्यास कधीं दाखविलें नव्हतें. दोष एकट्या त्या विकणाऱ्याचा नव्हता.

सुधारणांचा अनुक्रम

यानंतर आम्हीं त्यास जें सविस्तर उत्तर लिहिलें त्याचें सार एका वाक्यांत असें: जी सुधारणा मोटार थांबविते ती आधीं, जी तिला सांवरते ती नंतर, आणि जी तिला पळविते ती सर्वांत शेवटीं. यांतील प्रत्येक पायरीचें कारण आतां थोडक्यांत सांगतों.

पहिली पायरी सांगाड्याची. पूर्वींच्या मोटारींस खालीं लोखंडी तुळयांची चौकट असे व वर निराळा सांगाडा. एम्. जी. बी. स अशी निराळी चौकट नाहीं; पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा होय. त्यांतहि टप कापडी असल्यामुळें वरून आधार नाहीं. दारांखालून जाणाऱ्या पत्र्याच्या दोन पोकळ पेट्या साऱ्या मोटारीचा भार धरितात, आणि गंज लागतो तो नेमका त्यांच्या आंतून. वरून नवा पत्रा व रंग चढविला कीं बाहेर कांहींच दिसत नाहीं. यावर दोन सोपे उपाय आहेत. एक लोहचुंबक घेऊन तो पत्र्यावरून फिरवावा. जेथें तो चिकटत नाहीं तेथें पत्रा नसून लांबी भरलेली आहे असें समजावें. दुसरा उपाय असा कीं, मोटार एका बाजूनें जॅकवर उचलावी व दार उघडून लावून पाहावें. पेट्या कुजलेल्या असल्या तर मोटार मधोमध वांकते व दार अडकतें. आमच्या विद्यार्थ्याच्या डाव्या बाजूस चुंबक वीतभर जागेंत चिकटला नाहीं. तेथें पत्रा कापून नवा जोडावा लागला. कापण्यापूर्वीं दाराच्या चौकटींत लोखंडी आडणी घट्ट बसवावी लागते. नाहीं तर सांगाडा वाकतो आणि मग दार जन्मभर नीट लागत नाहीं. अशा सांगाड्यावर इंजिनाची शक्ति वाढविणें म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईवर दुसरा मजला चढविणें होय.

दुसरी पायरी ब्रेक, टायर व सुकाणूची. ब्रेकचें तेल बदललें. आंतून सुजलेल्या जुन्या रबरी नळ्या काढून, पोलादी तारेचें वेष्टण असलेल्या नव्या घातल्या. त्याच्या मोटारींत पुढील चाकांस चकत्या व मागील चाकांस ड्रम असून, चारी चाकांस तेल पुरविणारा मार्ग एकच आहे. कोठेंहि फुटला तर चारी ब्रेक जातात. म्हणून त्यानें दोन स्वतंत्र मार्ग असणारा मुख्य सिलिंडर बसवून घेतला. पुष्कळ लोक येथें सर्व्हो नांवाचें उपकरण लावितात. त्यानें पायाचे श्रम कमी होतात. परंतु उष्णता तिळमात्र कमी होत नाहीं, व उकळलेलें तेल त्यानें सुधारत नाहीं. श्रम कमी होणें व धोका कमी होणें या दोन गोष्टी एक नव्हेत.

टायरची गोष्टहि ऐकण्यासारखी आहे. टायरच्या बाजूवर चार आंकडे छापलेले असतात. पहिल्या दोहोंवरून आठवडा व पुढील दोहोंवरून वर्ष कळतें. या मोटारीच्या टायरांची नक्षी नव्यासारखी खोल होती, कारण मोटार वर्षानुवर्षें उभीच होती. परंतु आंकडे निघाले ०८०४, म्हणजे २००४ सालच्या आठव्या आठवड्याचे! रबर न झिजतांहि म्हातारें होतें, टणक होतें व पावसांत घसरतें. तारांच्या आऱ्यांचीं चाकें असतील तर प्रत्येक आरा हलक्या हातानें ठोकून पाहावा. सैल आऱ्याचा नाद निराळा येतो. टांग्याच्या चाकाची परीक्षा करणाऱ्यास हें नवें वाटणार नाहीं.

तिसरी पायरी पेट्रोलची. ही मोटार शिसें मिसळलेल्या पेट्रोलसाठीं घडविलेली होती. ब्रिटनमध्यें तें सामान्य विक्रींतून १ जानेवारी २००० पासून बंद झालें. शिशाचा थर इंजिनांतील झडपांच्या बैठकींस संरक्षण देत असे. तो गेल्यावर जुन्या बिडाच्या बैठकी हळूहळू झिजतात. म्हणून त्या जागीं कठीण पोलादाचीं कडीं बसवून घेणें हा कायमचा उपाय. पुढें सप्टेंबर २०२१ पासून तेथील साध्या पेट्रोलांत दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊं लागलें. इथेनॉल जुन्या रबरास फुगवितें, भेगा पाडतें, आणि पाणीहि ओढून घेतें. इंजिनाच्या तप्त भागाजवळून जाणारी पेट्रोलची नळी झिरपूं लागली तर काय होईल हें सांगावयास नको. आपल्याकडेहि २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल असलेलें पेट्रोल विकण्यास आरंभ झाला आहे; ज्या घरीं जुनी स्कूटर अथवा मोटारसायकल आहे त्यांनीं तिची रबरी नळी एकदां पाहून घ्यावी. तिला फार खर्च लागत नाहीं.

चौथी पायरी विजेची. १९६६ च्या या मोटारींत आसनांच्या मागें सहा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या आहेत, आणि धन टोंक सांगाड्यास जोडलेलें आहे. आजच्या मोटारींत याच्या उलट, ऋण टोंक सांगाड्यास असतें. हें न पाहतां कोणी आजचा रेडिओ जोडला तर तो तत्काळ जळतो. टोंकें उलटीं करतां येतात. परंतु डायनामोला नव्यानें ध्रुवत्व द्यावें लागतें, इग्निशन कॉइलच्या तारा बदलाव्या लागतात, व इंजिनाचे फेरे दाखविणारा कांटाहि आंतून सुधारावा लागतो. घाईनें करण्यासारखें हें काम नव्हे.

दिव्यांचें गणित मात्र सोपें व मौजेचें आहे. पुढील दोन दिवे प्रत्येकीं ६० वॅटचे, बॅटरी १२ व्होल्टांची. म्हणजे प्रवाह झाला १० ॲम्पिअर. साठ वर्षांच्या जुन्या बटणांत व गंजलेल्या जोडांत केवळ ०.२ ओहम अडथळा असला, तरी ओहमच्या नियमानें जवळजवळ दोन व्होल्ट वाटेंतच नाहींसे होतात. दिव्यास उरले दहा. व्होल्ट सहावा हिस्सा कमी झाले, परंतु उजेड कमी होतो तो जवळजवळ निम्म्यानें! अनभिज्ञ मनुष्य म्हणतो, 'जुनीच मोटार, दिवे मंदच असणार.' जाणता मनुष्य एक लहानशी रिले बसवितो, बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड नवी तार ओढतो, त्यांत फ्यूज घालतो, आणि जुन्या बटणास केवळ इशारा देण्याचें काम ठेवितो. अल्प खर्चांत रात्रीचा रस्ता दुप्पट उजळतो. आमच्या विद्यार्थ्याच्या मतें साऱ्या सुधारणांत पैशाचा मोबदला सर्वांत अधिक देणारी सुधारणा हीच.

शक्तीचा प्रश्न

असो. एवढें झाल्यावर मग शक्ति वाढवावी कीं नाहीं? आम्ही 'नाहीं' असें म्हणत नाहीं. किंबर यांनीं तें केलें नसतें तर एम्. जी. झालीच नसती. परंतु वेग दुप्पट झाला असतां गतिशक्ति चौपट होते, हा नियम विसरून चालत नाहीं. ब्रिटिश सरकारच्या रस्त्याच्या नियमपुस्तकांत ब्रेक लागल्यापासून मोटार थांबेपर्यंतचें अंतर तासीं ३० मैलांस १४ मीटर व ६० मैलांस ५५ मीटर असें दिलें आहे. आंकडेच बोलतात.

कारखान्यानें स्वतः केलेले दोन प्रयोग येथें उद्बोधक आहेत. १९६७ सालीं याच सांगाड्यांत सहा सिलिंडरांचें २९१२ घनसेंटिमीटरांचें वजनदार इंजिन घालून एम्. जी. सी. काढली. शक्ति वाढली, पण पुढील भाग जड झाला, वळणावरील चपळाई उणावली, टीका झाली, आणि १९६९ मध्यें ती बंद पडली. उलट, केन कॉस्टेलो या गृहस्थानें १९७० च्या सुमारास ॲल्युमिनियमचें, म्हणून हलकें, आठ सिलिंडरांचें रोव्हर इंजिन एम्. जी. बी. त बसवून दाखविलें. मग कारखान्यानेंहि १९७३ पासून तशी मोटार विकली. परंतु पक्क्या छपराच्या, म्हणून अधिक ताठ अशा सांगाड्यांतच, व पुढील ब्रेकच्या चकत्या अधिक जाड करून. शक्ति, वजन, सांगाडा व ब्रेक यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हें या दोन उदाहरणांचें तात्पर्य.

याला कायद्याचीहि बाजू आहे. ब्रिटनमध्यें २० मे २०१८ पासून, चाळीस वर्षांहून जुन्या मोटारीस वार्षिक तपासणींतून सूट मिळूं लागली. मात्र गेल्या तीस वर्षांत तिच्यांत मूलभूत बदल झालेला नसावा अशी अट घातली गेली. सूट मिळाली म्हणून मोटार रस्त्यास योग्य ठेवण्याची जबाबदारी कांहीं सुटत नाहीं. आमचा विद्यार्थी सूट असतांहि दर वर्षीं मोटार तपासून घेतो. केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीस कळविणेंहि अवश्य आहे. न कळविल्यास ऐन संकटीं विम्याचा कागद कुचकामाचा ठरण्याचा संभव असतो.

आणखी एक सूचना आम्हीं केली. जो बदल पुन्हां पूर्ववत् करतां येतो तो निःशंक करावा. जो येत नाहीं त्यासाठीं एक वर्ष थांबावें. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटींत ठेवावा. जुन्या वस्तूचा आजचा धनी हा पूर्वींच्या व पुढच्या धन्यांमधील केवळ एक दुवा असतो. पुढच्यानें मूळ रूप मागितलें तर तें त्यास देतां आलें पाहिजे.

पुढें काय झालें

गेल्या उन्हाळ्यांत त्याचें पत्र आलें. सुपरचार्जरसाठीं ठेवलेले पैसे सांगाडा, ब्रेक, टायर व तारा यांतच संपले. रुंद चाकें घेतलीं नाहींत. इंजिनाची शक्ति १९६६ सालीं होती तेवढीच आहे. मात्र प्रवासांत इंजिन फार ओरडूं नये म्हणून ओव्हरड्राइव्ह बसविलें आहे, आणि मुलीच्या आसनास चांगला तिहेरी पट्टा लावला आहे. पत्रासोबत दुसरें छायाचित्र होतें. तींच दोघें, तीच विनॅट्स खिंड, या वेळीं खालच्या टोंकाशीं. 'दुसऱ्या गिअरमध्यें उतरलों, सर,' असें त्यानें लिहिलें होतें. 'ब्रेकची पट्टी शेवटपर्यंत दगडासारखी घट्ट होती. मुलगी म्हणाली, बाबा, आज फार हळू चालवलीत.'

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फार थोड्यांच्या घरीं अशी स्पोर्ट्‌स मोटार येईल. परंतु चकतीचे ब्रेक असलेली मोटारसायकल आज पुष्कळ घरांत आहे, आणि तिच्या दांड्यावरच्या त्या लहानशा डबींत हेंच तेल असतें. म्हणून हा अंक घरीं नेल्यावर प्रत्येकानें आपल्या वडिलांस अथवा काकांस एक प्रश्न अवश्य विचारावा: 'ब्रेकचें तेल शेवटीं कधीं बदललें होतें?' उत्तर आठवत नसेल, तर बदलण्याची वेळ होऊन गेली असें समजावें.